विमानाचा झोक कोण सांभाळतं?

(दहावी १९९६च्या बॅचच्या कोपरगाव येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या समितीने मला फोन करून सांगितलं, "तू नेमकं काय काम करतेस ते आम्हाला कळेल असं वीस मिनिटांत सांग." माझ्या घरच्यांना जे वीस वर्षांत नीट कळलेलं नाही, ते वीस मिनिटांत सांगायचं आहे. तेवढ्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने प्रश्न टाकला, "विमान आपोआप चालतं म्हणतात, मग पायलटला एवढा पगार कशाला?" विचारणारा तिसऱ्या रांगेत बसला आहे, नाव घेत नाही. पण प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्याने जेवायला उठू नये, एवढीच विनंती.

मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेले. विमानाच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. मला विमान चालवता येत नाही. विमान चालवणाऱ्या यंत्राने काय करावं आणि काय करू नये, हे कागदावर लिहिलेलं असतं. यंत्र खरोखर तसंच वागतं का, हे आम्ही पाहतो. या मोठ्या विषयातला एकच छोटा तुकडा मी आज घेणार आहे, तो म्हणजे विमानाचा आडवा झोक. इंग्रजीत त्याला रोल म्हणतात.

विमान तीन प्रकारे हलतं. आपण "हो" म्हणताना मान वर-खाली करतो, तसं विमानाचं नाक वर-खाली होतं. "नाही" म्हणताना मान डावी-उजवीकडे फिरते, तसं नाकही फिरतं. आणि तिसरी आपली खास देशी मान: "बरं बरं, बघू" म्हणताना डोकं एकदा या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे कलतं. तो रोल. एक पंख खाली, दुसरा वर.

आता काकडीला आपलं विमानतळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला ते सुरू झालं, तेव्हापासून आपल्या शेतांवरून विमानं उतरताना दिसतात. पुढच्या वेळी नीट पाहा. वळायचं असलं की विमान आधी एका बाजूला कलतं आणि मग वळतं. होडीसारखं मागचं सुकाणू फिरवून ते वळत असेल असं पुष्कळांना वाटतं. खरं वळण झोकामुळे येतं. पंखांमुळे जी वरची उचल मिळते (ऊसतोडीची उचल नव्हे!), ती पंखांना काटकोनात असते. विमान कललं की उचलही कलते. तिचा एक भाग विमानाला वर धरून ठेवतो आणि दुसरा भाग त्याला बाजूला ओढतो. त्या ओढीने विमान वळतं.

इथे मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण येते. "सर, हे कॉस थीटा आयुष्यात कुठे लागणार?" असं आपण विचारायचो. सर, इथे लागतं. विमान ३० अंश कललं की उंची टिकवण्यासाठी पंखांना सुमारे १५ टक्के जास्त उचल द्यावी लागते, कारण कॉस ३० म्हणजे ०.८६६. ६० अंश कललं तर कॉस ६० म्हणजे अर्धा, म्हणून उचल दुप्पट लागते आणि आत बसलेल्या माणसाला स्वतःचं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं. म्हणून प्रवासी विमानाचा ऑटोपायलट साधारण २५ ते ३० अंशांच्या पुढे झोक घेतच नाही. २५ अंशांच्या झोकात ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान जे वर्तुळ काढतं, त्याची त्रिज्या जवळजवळ ११ किलोमीटर भरते. कोपरगाव आणि शिर्डी दोन्ही त्या वर्तुळात आरामात बसतील. तेच विमान उतरताना ताशी २५० च्या वेगाला आलं की त्याच झोकात त्रिज्या एका किलोमीटरवर येते.

झोक घ्यायचा कसा? पंखाच्या टोकाकडे, मागच्या कडेला एक बिजागरीची पट्टी असते. तिला एलेरॉन म्हणतात. उजवीकडे कलायचं तर उजवी पट्टी वर जाते आणि डावी खाली. उजव्या पंखाची उचल कमी होते, डाव्याची वाढते आणि विमान उजवीकडे कलायला लागतं.

"कलायला लागतं" हा शब्द मी मुद्दाम वापरला. नळाची चावी आठवा. चावी किती उघडली यावर हौदातल्या पाण्याची पातळी ठरत नाही, पातळी किती भराभर वाढेल ते ठरतं. पातळी हवी तेवढी झाली की चावी बंद करावी लागते. एलेरॉनचंही तसंच आहे. पट्टी वळवून ठेवली तर विमान २० अंशांवर जाऊन थांबत नाही, ते कलतच राहतं. झोक २० अंशांच्या जवळ आला की पट्टी परत मध्यावर आणावी लागते.

ऑटोपायलट हेच करतो. त्याच्या पोटात एक हिशोब सेकंदाला अनेक वेळा चालतो: हवा असलेला झोक वजा असलेला झोक. फरक मोठा असेल तर पट्टी जास्त वळवायची, कमी असेल तर कमी, शून्य असेल तर मध्यावर. पण एवढ्याने भागत नाही. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या गेटपाशी थांबायचं असेल तर ब्रेक गेटपाशी दाबून चालत नाही, आधीच दाबावा लागतो. विमानही जड असतं. म्हणून झोक किती आहे यासोबतच तो किती वेगाने बदलतो आहे हेही ऑटोपायलट पाहतो आणि मुक्कामाच्या आधीच हात आखडता घेतो. हे जमलं नाही तर विमान २० च्या पुढे जाईल, मग मागे येईल, पुन्हा पुढे जाईल आणि प्रवाशांना पाळण्यात बसल्यासारखं होईल.

याच्यावर आणखी एक हिशोब बसवलेला असतो. जायचं आहे ती दिशा आणि विमानाच्या नाकाची दिशा यांत किती फरक आहे, यावरून तो ठरवतो की किती झोक हवा. म्हणजे वरचा मुकादम सांगतो, "२० अंश कल," आणि खालचा कामगार पट्ट्या हलवून ते काम पुरं करतो. सगळ्या ऑटोपायलटची मूळ रचना ही एवढीच.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड प्रश्न पुढचा आहे. आपण किती कललो आहोत हे विमानाला कळतं कसं?

गवंड्याचं उत्तर असेल, ओळंबा लावा. घराची भिंत सरळ आहे की नाही ते ओळंबा सांगतो. पण विमानात ओळंबा फसवतो. लहानपणी आपण पाण्याची बादली गरगर फिरवायचो आणि बादली डोक्यावर आली तरी पाणी सांडायचं नाही. नीट वळणाऱ्या विमानात तेच होतं. वजन आणि वळणाचा जोर मिळून जी ओढ तयार होते, ती बरोबर विमानाच्या फरशीकडे असते. ओळंबा फरशीकडेच बोट दाखवतो, कपातला चहा कपाच्या काठाला समांतर राहतो आणि विमान मात्र ३० अंश कललेलं असतं. आपल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रियही असंच फसतं. सेकंदाला सुमारे दोन अंशांहून सावकाश होणारा झोक त्याला जाणवत नाही. खिडकीबाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे चूक सुधारतात. रात्री समुद्रावर किंवा ढगात क्षितिजच नसतं.

या अडचणीतून वाट काढली ती भोवऱ्याने. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजी सोडत नाही. भोवऱ्याला चहूबाजूंनी फिरू देणाऱ्या चौकटीत बसवलं, तर विमान कसंही कललं तरी भोवरा आपल्या जागी ताठ राहतो. मग विमान आणि भोवरा यांच्यातला कोन मोजला की झोक कळला. १८ जून १९१४ ला पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या २१ वर्षांच्या तरुणाने हे लोकांसमोर करून दाखवलं. त्याने उडत्या विमानात दोन्ही हात वर केले आणि त्याचा मेकॅनिक एमिल काशां चक्क पंखावर चालत गेला. माणसाच्या वजनाने पंख झुकला, भोवऱ्याच्या यंत्राने पट्ट्या हलवल्या आणि विमान पुन्हा समतल झालं. जगाने पाहिलेला पहिला ऑटोपायलट तो हाच, आणि त्याने सगळ्यात आधी जिंकली ती झोकाचीच परीक्षा.

आज भोवऱ्याच्या जागी प्रकाशकिरणांवर चालणारे किंवा नखाएवढ्या चिपमधले जायरो आले आहेत. शेतात फवारणी करणारा ड्रोन पाहा. त्याला एलेरॉन नसतात. एका बाजूचे पंखे जोरात फिरवून तो कलतो, पण आतला हिशोब तोच. त्यात भोवरा आणि ओळंबा दोघांनाही नोकरी आहे. जायरो या क्षणी काय झालं ते अचूक सांगतो, पण तासाभरात थोडा थोडा बहकतो. ओळंबा क्षणाक्षणाला फसतो, पण बराच वेळ सरासरी घेतली तर खरं बोलतो. दोघांचं ऐकून ड्रोन आपलं मत बनवतो. आपल्या नगरच्या व्हीआरडीईचाही या क्षेत्राशी संबंध आहे. निशांत या वैमानिकरहित विमानासाठी देशात बनलेल्या वँकेल इंजिनाच्या कामात या संस्थेचा वाटा होता. ज्या विमानात माणूसच नाही, तिथे तर झोक सांभाळणं पूर्णपणे यंत्रावरच असतं.

आता मी दोन घटना सांगणार आहे. पहिली आपल्या मुंबईतली.

१ जानेवारी १९७८. आपल्यापैकी कुणाचाच जन्म झालेला नव्हता, पण समोर बसलेल्या सर-बाईंना आठवत असेल. एअर इंडियाचं बोइंग ७४७, नाव 'सम्राट अशोक', सांताक्रूझहून रात्री दुबईला निघालं. जमीन सोडल्यावर विमानाने उजवीकडे छोटं वळण घेतलं आणि ते पुन्हा समतल झालं. पण कॅप्टनसमोरचं झोक दाखवणारं उपकरण उजवीकडेच अडकून राहिलं. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा की त्या उपकरणावर विसंबून कॅप्टननी विमान डावीकडे कलवलं. विमान समतल होतं, ते डावीकडे झुकू लागलं. उपकरण अजूनही उजवीकडेच, म्हणून आणखी डावीकडे. बाहेर अंधार आणि अरबी समुद्र. क्षितिज नाही. झोक १०० अंशांच्याही पुढे गेला. उड्डाणानंतर दोन मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर विमान समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. एकही वाचलं नाही.

त्या वेळी ऑटोपायलट नव्हे, कॅप्टन स्वतः विमान चालवत होते. पण मी मघाशी सांगितलेला हिशोब आठवा: हवा असलेला झोक वजा असलेला झोक. तोच हिशोब एका माणसाने केला, योग्य दिशेने केला आणि त्यातला एक आकडा खोटा होता. हिशोब बरोबर आणि आकडा खोटा असेल तर हिशोब जितका चोख, तितकं लवकर आपण खड्ड्यात जातो. कॉकपिटमध्ये सहवैमानिकासमोर दुसरं उपकरण होतं आणि मध्ये तिसरंही होतं. शेवटच्या क्षणी फ्लाइट इंजिनिअरने दुसरं उपकरण पाहायला सुचवण्याचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ संपली होती.

आमच्या कामातला मोठा भाग या एका गोष्टीभोवती फिरतो. एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही. दोन साक्षीदार असले आणि त्यांचं जुळलं नाही, तर कुणीतरी चुकतं आहे एवढंच कळतं, कोण चुकतं आहे ते कळत नाही. तीन असले तर दोघांचं जुळतं आणि तिसरा बाजूला काढता येतो. म्हणून मोठ्या विमानांत झोक मोजणारी यंत्रणा तिहेरी असते. आपल्या तेजस लढाऊ विमानात तर नियंत्रणाची यंत्रणा चौपदरी आहे. साक्षींचा मेळच बसला नाही तर ऑटोपायलटने काय करायचं, हेही लिहिलेलं असतं: अंदाज बांधत बसू नकोस, मोठ्याने घंटा वाजव आणि काम माणसाच्या हाती दे. ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीने विमान पडू शकतं, त्याच्या प्रत्येक ओळीमागे लेखी कारण असावं लागतं आणि प्रत्येक अटीची चाचणी घ्यावी लागते. मी काय काम करते, त्याचं उत्तर हे आहे. उपकरण खोटं बोललं तर? दोन्ही बोलली तर? दोन्ही एकच खोटं बोलली तर? असे वाईट प्रश्न मी दिवसभर विचारते आणि त्याचे पैसे घेते.

दुसरी घटना १९ फेब्रुवारी १९८५ ची. चायना एअरलाइन्सचं बोइंग ७४७ तैपेईहून लॉस एंजेलिसला चाललं होतं, ४१ हजार फुटांवर, ऑटोपायलटवर. उजवीकडच्या टोकाच्या इंजिनाचा जोर गेला. डावीकडचा जोर जास्त, म्हणून विमान उजवीकडे वळू आणि कलू लागलं. ऑटोपायलटने इमानेइतबारे कॉकपिटमधलं चाक डावीकडे वळवून पंख समतल ठेवले. विमानाचा वेग कमी होत गेला तसा पट्ट्यांचा प्रभाव घटत गेला. त्याने चाक आणखी वळवलं, अगदी त्याला परवानगी होती त्या टोकापर्यंत. त्या विमानाच्या ऑटोपायलटला मागचं सुकाणू वापरण्याची सोय नव्हती. वैमानिक इंजिन आणि वेग यांच्या काळजीत होते. पंख बराच वेळ जवळजवळ समतल दिसत होते, पण चाक पूर्ण डावीकडे गेलेलं होतं. मग विमान उजवीकडे कलू लागलं, नाक खाली आणायला कॅप्टननी ऑटोपायलट बंद केला आणि ते धरून ठेवलेलं चाक सुटलं. विमान उजवीकडे उलटलं आणि ढगांतून जवळजवळ ३० हजार फूट खाली आलं, तेही अडीच मिनिटांच्या आत. ढगांच्या खाली क्षितिज दिसलं तेव्हा कॅप्टननी ते सावरलं. विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं. दोघांना गंभीर दुखापत झाली, पण सगळे जिवंत राहिले.

तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. समतल आकाशात पंख सरळ धरायला पायलटची गरज नाही, यंत्र ते जास्त चांगलं करतं. पायलटला पगार मिळतो तो ऑटोपायलटवर नजर ठेवण्यासाठी. आणि नजर दोन गोष्टींवर ठेवायची. पंख सरळ आहेत का, ही पहिली. ते सरळ ठेवायला यंत्राला किती जोर लावावा लागतो आहे, ही दुसरी आणि जास्त महत्त्वाची. जोर वाढत चालला असेल तर काहीतरी बिघडलं आहे, मग वरून सगळं कितीही समतल दिसो. आताच्या विमानांत यासाठी बरीच मदत असते. झोक मर्यादेबाहेर गेला की कॉकपिटमध्ये 'बँक अँगल' असा आवाज येतो, आणि काही विमानांत एका बाजूचं इंजिन गेलं तर सुकाणू आपोआप वळतं. तरीही ती दुसरी नजर माणसाचीच असावी लागते.

आपण सगळे आता पंचेचाळिशीत आहोत. कुणाच्या घरी आजारी आई-वडील, कुणाची मुलं बारावीला, कुणाची शेती दोन वर्षं पावसाच्या भरवशावर. ग्रुपवर "कसा आहेस?" विचारलं की सगळे "मजेत" असंच लिहितात. पंख समतल. पण चाक किती वळवून धरलं आहे, ते मेसेजमध्ये दिसत नाही. ते भेटल्यावर, शेजारी बसल्यावर दिसतं. एवढ्यासाठी तरी असे मेळावे दर दोन वर्षांनी व्हावेत असं मला वाटतं. समितीने हे मनावर घ्यावं.

शेवटी शाळेसाठी एक सूचना. आपण निधी जमा करतो आहोत आणि डिजिटल फळ्याचा प्रस्ताव आला आहे. तो जरूर घ्यावा. पण त्याबरोबर प्रयोगशाळेसाठी फिरतं स्टूल आणि हँडल लावलेलं सायकलचं चाक घ्यावं, ही माझी विनंती. मुलाला स्टुलावर बसवायचं, फिरतं चाक उभं करून त्याच्या हातात द्यायचं आणि ते आडवं करायला सांगायचं. मूल स्टुलासकट फिरायला लागतं. भोवऱ्याचा हट्ट त्याला दंडात जाणवतो. खर्च किरकोळ आहे, गावातला सायकलवाला ते तयार करून देईल. त्या चाकाचे पैसे मी देते. स्टूल कोण देणार, त्याने जेवणानंतर सरांकडे नाव नोंदवावं.

सर, बाई, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मधल्या बाकावरची मी इतकी बोलेन असं तुम्हाला वाटलं नसेल.